लाकूड न झाकणारी खोळ : रत्नागिरीतल्या एका जुन्या कोचाचं प्रकरण

पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०२३ मध्ये रत्नागिरीतल्या एका घरातून सूनबाईंचा फोन आला. "ताई, मे महिन्यात मुलाची मुंज आहे. घर माणसांनी भरणार आणि कोचावर तर कुणाला बसवायची सोय नाही. तुम्ही एकदा बघून जा." मी चौदा वर्षं पडदे, अभ्रे आणि सोफ्यांच्या खोळी शिवते, त्यामुळे असे फोन नवे नाहीत. घराची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत, बाकी काम जसं झालं तसं सांगते.

तीन माणसांचा एक कोच आणि दोन खुर्च्या. १९६७ साली सुताराने ओसरीवर बसून केलेला सागवानी संच. घरातले त्याला बर्मा टीक म्हणतात. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा राजवाडा ज्या गावात १९१० पासून उभा आहे, तिथे जुन्या सागवानाला हे नाव सहज चिकटतं. माझ्या कामाला मात्र लाकडाचं गाव नको होतं, त्यावरचं पॉलिश कसलं आहे ते हवं होतं. एका पायाच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला स्पिरिटचा थेंब लावला, तर पॉलिश बोटाला चिकटायला लागलं. म्हणजे लाखेचं, चपड्याचं जुनं पॉलिश. याला पाणी, वाफ आणि उष्णता सोसत नाही.

कोचाची घडण अशी. हात पूर्ण लाकडाचे आणि खालून मोकळे. बैठकीच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांतून चौकोनी खांब वर येतात आणि हातांना पेलतात. बैठकीच्या खाली, समोरच्या बाजूला सात सेंटीमीटर रुंदीची लाकडी पट्टी, तिच्या वरच्या कडेला गोल बिडिंग, म्हणजे लाकडाची गोलसर किनार. पाठीच्या वर वेलबुट्टीची कोरीव पट्टी. ही पट्टी आणि पाठीची गादी यांच्यात अडीच सेंटीमीटरची फट, आणि फटीत छोट्या कातीव दांड्या : कोचाला नऊ, खुर्च्यांना तीन-तीन.

हातांची पुढची टोकं मी बराच वेळ बघत होते. बाकी लाकूड तपकिरी, पण तळवा टेकतो तेवढ्या भागावर कोरीव पानांच्या शिरा झिजून जवळजवळ सपाट झालेल्या आणि रंग काळसर, तुळतुळीत. छप्पन्न वर्षं हात फिरल्यावर लाकूड असं होतं.

गादीची अवस्था वाईट. नव्वदच्या दशकात कुणीतरी मूळ कापडावरूनच मरून रेग्झिन ठोकलं होतं. ते आता भेगाळून पापुद्रे सुटत होते. उन्हाळ्यात मांड्यांना चिकटतं म्हणून त्यावर सोलापुरी चादर घडी करून टाकलेली. चादर उत्तमच, पण गुळगुळीत रेग्झिनवरून ती दिवसातून दहा वेळा खाली घसरायची.

अडचण

घरातल्या तिघांचं म्हणणं तीन प्रकारचं होतं. सूनबाईंना धुता येईल असं काहीतरी हवं होतं. त्यांच्या यजमानांना सगळंच नवीन करून घ्यावं, असं वाटत होतं. एकोणऐंशी वर्षांच्या आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग एवढंच म्हणाल्या, "लाकूड झाकायचं असेल तर कोच विकूनच टाका गो. मी उठते ती त्या हातांना धरून उठते."

कामाच्या दृष्टीने खरी अडचण आजींच्या त्याच वाक्यात होती. पूर्ण गादीच्या सोफ्यावर खोळ वरून उतरवता येते, उशीला अभ्रा घालावा तशी. इथे मधे मधे लाकूड उभं आहे. पुढचे दोन खांब, मागचे दोन खांब, शिवाय पाठीच्या दांड्या. कापडाला प्रत्येक ठिकाणी चीर देऊन लाकडाला वाट द्यावी लागते, आणि जिथे चीर तिथे कापड कमजोर. बरं, एवढं करून खोळ जागेवर धरायची कशाने? लाकडाला खिळा मारायचा नाही, स्टेपलर नाही, चिकटपट्टीचं वेल्क्रो नाही. लाखेच्या पॉलिशवर चिकटवलेलं वेल्क्रो काढताना पॉलिशसकट निघतं, हे मी आधी दुसऱ्या एका घरी पाहिलं होतं.

कोणते मार्ग होते

गावातल्या एका कुशनवाल्यांनी स्प्रिंगा काढून, आत प्लायवूड टाकून, फोम आणि नवं कापड ठोकून द्यायचे २२,००० रुपये सांगितले होते. काम पक्कं झालं असतं, पण कापड धुता आलं नसतं आणि पाच-सहा वर्षांनी कोकणातल्या दमटपणात पुन्हा तेच. शिवाय स्प्रिंगांची बैठक एकदा काढली की परत मिळत नाही.

ताणणाऱ्या कापडाची तयार खोळ घरात आणून झाली होती, कपाटात पडून होती. मी ती घालून बघितली. हातांखालच्या मोकळ्या जागेत कापड कोळ्याच्या जाळ्यासारखं ताणलं जात होतं आणि कोरीव पट्टीच्या जागी नुसता फुगवटा.

तिसरा मार्ग मला स्वतःला मोहात पाडणारा होता : बैठकीवर चेनच्या खोळीच्या सुट्या फोमच्या गाद्या टाकायच्या. शिवायला सोपं, धुवायला सोपं, लाकूडही मोकळं. पण बैठक जमिनीपासून त्रेचाळीस सेंटीमीटरवर होती. त्यावर आठ सेंटीमीटरची गादी टाकली की एक्कावन्न. आजींना पुस्तकांच्या गठ्ठ्यावर उशी ठेवून तेवढ्या उंचीवर बसवलं, तर त्यांच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या आणि कोचाचे हात खूप खाली गेले. हातांना धरून उठायचं तर हातांची उंची बदलून चालणार नव्हती. तो मार्ग तिथेच संपला.

मग राहिली दोन तुकड्यांची खोळ. बैठकीची वेगळी, पाठीची वेगळी, दोन्ही लाकडाच्या कडेपाशी संपणाऱ्या. वेळखाऊ काम. मी हो म्हटलं.

आधी दुरुस्ती, मग खोळ

इथे पहिला वाद झाला. मुंज जवळ आली होती आणि सूनबाईंचं म्हणणं, आत्ता खोळ घाला, गादीचं नंतर बघू. मी कोच उलटा करायला लावला. खालचं गोणपाट डावीकडे फुगून आलेलं, नवारीचे दोन पट्टे तुटलेले, त्यामुळे डाव्या बाजूला बैठकीत खळगा. खळगा असलेल्या गादीवर मापं घेऊन खोळ शिवली आणि मग गादी दुरुस्त केली, तर खोळ बसणारच नाही. आणि दुरुस्त न करता घातली, तर त्या खळग्याकडे कापड ओढलं जाऊन चिरीपाशी फाटेल. शिवाय घसरड्या रेग्झिनवर कुठलीच खोळ टिकली नसती.

मार्चमध्ये एका वयस्क कुशनवाल्यांनी रेग्झिन आणि खालचं मूळ कापड काढलं, नवार बदलली, स्प्रिंगा सुतळीने पुन्हा बांधल्या, जुनाच काथ्या पिंजून वर कापसाचा थर दिला आणि त्यावर मांजरपाट ताणून जुन्याच खाचेत चुका, म्हणजे बारीक खिळे, मारल्या. तिन्ही नगांचे ६,००० रुपये झाले. मांजरपाट खरखरीत असतं, त्यावर सुती खोळ धरून राहते. या कामात काही एक गोष्ट पूर्ण बरोबर झाली असेल, तर ती हा क्रम.

कापड

सूनबाईंनी मरून रंगाचं जाड कापड पसंत केलं होतं. पांढरं फडकं ओलं करून मी त्यावर वीस वेळा घासलं, फडकं गुलाबी झालं. घामाने किंवा दमट हवेने तोच रंग लाकडाच्या पॉलिशवर उतरला असता. ते बाजूला ठेवलं.

दुसरी आवड उभ्या पट्ट्यांची. इथे पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, आड आला. कापड ४८ इंच पन्ह्याचं, म्हणजे १२२ सेंटीमीटर, आणि कोचाची बैठक दीड मीटर रुंद. पट्टे उभे हवेत तर पन्हा कोचाच्या रुंदीत जातो, आणि बैठकीच्या मधोमध जोड येतो. माणूस बसतो तिथेच शिवण. साधं, बिनपट्ट्याचं कापड असेल तर ते आडवं फिरवता येतं : कापडाची लांबी कोचाच्या रुंदीत घालायची आणि पन्ह्यातून खोली काढायची. बैठकीची खोली ५५, पुढचा उतार ११, मागे खोचायला १५ आणि शिवणीसाठी सोडायचं जादा कापड म्हणजे माया, असं पंच्याऐंशीच्या आसपास. १२२ मध्ये आरामात बसतं. जोड नाही. हे कागदावर काढून दाखवल्यावर पट्ट्यांचा हट्ट सुटला.

शेवटी इचलकरंजीच्या मागावरचं जाड, राखाडी सुती कापड घेतलं. आधी पन्नास बाय पन्नास सेंटीमीटरचा तुकडा कापून तीन वेळा गरम पाण्यात धुतला. लांबीत तो सत्तेचाळीस झाला, पन्ह्यात एकोणपन्नास. म्हणजे लांबीत शंभराला सहा आटतं. तिन्ही नगांना आठ मीटरच्या आत भागत होतं, आटणं धरून साडेआठ मीटर घेतलं आणि सगळं कापड कापायच्या आधी धुऊन, वाळवून, इस्त्री केलं. कडेच्या गोटात, म्हणजे शिवणीत बसवलेल्या गोल किनारीत, घालायची सुती दोरीसुद्धा धुतली. ही गोष्ट पुष्कळजणी विसरतात. कापड आटवून घेतलेलं असतं, पण दोरी पहिल्या धुण्यात आटते आणि सगळ्या कडांना चुण्या पडतात.

दोरा पॉलिस्टरचा, सुई सोळा नंबरची. गोटाच्या जागी कापडाचे चार थर येतात, तिथे अठरा.

नमुना आणि डावं-उजवं

मांजरपाटाचा कच्चा नमुना करताना मी नेहमी कापड उलटं टाकते. शिवणीची माया वर येते, टाचण्या लावून बसवायचं, खडूने खुणा करायच्या आणि नंतर उलटवायचं. दुकानातल्या सोफ्यावर हे चालतं, कारण त्याच्या दोन्ही बाजू सारख्या असतात.

हा कोच हाताने केलेला. टेपने मोजल्यावर डावीकडे पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत साडेसेहेचाळीस सेंटीमीटर, उजवीकडे पंचेचाळीस पूर्णांक तीन. डावा खांब साडेचार जाड, उजवा चार पूर्णांक एक. डोळ्यांना काहीच कळत नाही. पण उलट्या कापडावर बसवलेला नमुना उलटवला की डावी बाजू उजवीकडे जाते, आणि सव्वा सेंटीमीटरचा फरक चिरीच्या जागी आला की एकीकडे कापड ओढतं आणि दुसरीकडे भोक दिसतं. म्हणून नमुना सुलट बाजूनेच बसवला, माया बाहेर ठेवून, आणि प्रत्येक तुकड्यावर मोठ्या अक्षरांत डावा, उजवा, पुढे, मागे असं लिहिलं. दोन खुर्च्यांचेही वेगळे नमुने. त्यासुद्धा एकमेकींसारख्या नव्हत्या.

धरून ठेवायचं कसं

बैठकीच्या खोळीच्या खालच्या कडेला सबंध फेरीभर नेफा केला आणि त्यात चपटी सुती नाडी घातली. खोळ बिडिंगच्या वर, चुकांची ओळ झाकून संपते. नाडी प्रत्येक खांबाच्या आतल्या बाजूने, खांब आणि गादी यांच्यामधून जाते आणि मागे जाऊन बांधली जाते. ओढली की ती गादीकडे आवळते, लाकडाला घासत नाही. खांब दिसतो, पट्टी दिसते, नाडी कुठेच दिसत नाही.

पाठीसाठी कातीव दांड्या कामी आल्या. सुरुवातीला मला त्यांची अडचण वाटत होती, पण फटीतून कापड मागे नेता येतं हे लक्षात आल्यावर त्यांच्याइतकी सोयीची गोष्ट नव्हती. पाठीच्या कापडाला वरच्या कडेला दहा सेंटीमीटर रुंदीच्या जिभा काढल्या, दोन दांड्यांच्या मधल्या प्रत्येक जागेसाठी एक. कोचाला दहा, खुर्च्यांना चार-चार. जीभ फटीतून मागे जाते आणि पाठ-बैठकीच्या सापटीतून खालून आलेल्या पट्टीला बटणाने अडकते. कोच भिंतीला टेकून असतो, त्यामुळे मागे जिभा दिसल्या तरी हरकत नव्हती. खुर्च्या खोलीच्या मधे असतात, त्यांना मागून पूर्ण कापड लावलं. कोरीव पट्टी जशीच्या तशी मोकळी राहिली.

हूक किंवा टिचबटणं लावायचा विचार पाच मिनिटांत सोडला. समुद्राजवळच्या हवेत लोखंडी हूक एका पावसाळ्यात गंजतात आणि कापडावर तपकिरी डाग सोडतात. पितळी बटणांना हिरवट चढतं. करवंटीची अठरा बटणं लावली.

मुंजीच्या दिवशी

खोळी मेच्या पहिल्या आठवड्यात घातल्या. छान दिसत होत्या, आजी हात फिरवून बघत होत्या. मुंजीच्या संध्याकाळी सूनबाईंनी फोटो पाठवला : डाव्या पुढच्या खांबापाशी चिरीचा कोपरा तीन सेंटीमीटर फाटलेला. मुलं कोचाच्या हातावरून बैठकीवर उड्या मारत होती, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि वर माफीही मागितली होती.

दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. मुलांचा काही दोष नव्हता. दोन चुका माझ्याच होत्या.

पहिली चूक चिरीच्या आकाराची. खांब चौकोनी, म्हणून मी चीरही चौकोनी केली होती. कापडाच्या सुलट बाजूवर त्याच कापडाचा तुकडा ठेवून खांबाच्या आकाराची टीप मारली, आतलं कापलं, कोपऱ्यांत टिपेपर्यंत कात्रीने छेद दिले आणि तुकडा आत उलटवला. कडा स्वच्छ येते, पण काटकोनाच्या टोकाला सगळा ताण एका धाग्यावर येतो, आणि त्याच जागी माया जवळजवळ शून्य.

दुसरी चूक जास्त खोल होती. नमुना मी रिकाम्या बैठकीवर बसवला होता. स्प्रिंगांची बैठक माणूस बसल्यावर खाली जाते. आजींना बसवून मोजलं तर मधोमध साडेचार सेंटीमीटर. कापड खाली ओढलं जातं आणि खांब मात्र जागचा हलत नाही, मग कापड खांबावर ताणलं जाऊन चिरीतूनच फाटणार. फोमच्या सोफ्यांवर काम करून करून हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आजीच म्हणाल्या, "मी बसलेली असताना माप घेतलंसच नाहीस गो तू." त्यांचं बरोबर होतं.

मला निर्णय घ्यायचा होता. फाटलेल्या जागी आतून ठिगळ लावून रफू करायचं, की चारही चिरी उसवून नव्याने करायच्या. रफू अर्ध्या तासाचं काम, आणि सूनबाई तेवढ्यावर खूश होत्या. पण कारण तेच राहिलं असतं तर महिन्याभरात दुसरा कोपरा गेला असता. खोळ घरी आणली.

नव्या चिरी इंग्रजी यू अक्षरासारख्या केल्या, आत कुठेच कोन नाही. आतल्या पट्टीसाठी दुहेरी कापड, वळणावर टाके बारीक, एका सेंटीमीटरला सात. वळणाच्या मायेत छेद दिले, पण टिपेपासून तीन मिलिमीटर आधी थांबून. आणि बैठकीचा नमुना पुन्हा बसवला, या वेळी आजींना डावीकडे आणि सूनबाईंना उजवीकडे बसवून. दोघी बसलेल्या असताना खांबाभोवती दीड सेंटीमीटर ढिलाई सोडली. दोघी उठल्या की ही ढिलाई नाडीने आवळली जाते आणि बारीकशी चुणी पडते. ती चुणी मला आधी खटकायची, आता ती दिसली की बरं वाटतं. फाटलेली चीर मोठ्या यूमध्ये निघून गेली. बाकी तीन चिरींसाठी कापड पुरलं, कारण उतारात मी थोडी जास्त माया ठेवली होती.

पावसाळा

जुलैत दुसरा फोन. समोरच्या लाकडी पट्टीवर पांढुरके डाग आले होते. खोळ धुतली होती, चार दिवस वाळत घातली तरी पुरती वाळली नव्हती, पाहुणे येणार म्हणून तशीच चढवली. सुती जाड कापडाचा ओलावा पंख्याखाली वरवर जातो, पण गोटाच्या आतली दोरी ओलीच राहते. नेमकी तीच बिडिंगला टेकते. लाखेच्या पॉलिशमध्ये दमटपणा शिरला की ते असं पांढरं पडतं.

खोळ काढून ठेवायला सांगितली. आठवडाभर मोकळं ठेवल्यावर निम्मे डाग आपोआप गेले. उरलेल्यांवर पॉलिशवाल्यांनी बोळ्याला जेमतेम ओल येईल इतकं स्पिरिट लावून हलक्या हाताने फिरवलं आणि ते निघाले. हे घरी कुणी करू नये. बोळा जरा जास्त भिजला की पॉलिशच उतरतं.

गोटाचा प्रश्न उरला होता. बैठकीच्या खालच्या कडेचा दोरीचा गोट काढून टाकला आणि त्या जागी उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, पट्टीची चपटी कड दिली. दिसायला किंचित साधी, पण पटकन वाळते. पाठीच्या कडांचा गोट तसाच ठेवला, तिथे लाकडाला टेकणारी जागा कमी आहे.

निष्पत्ती

दुरुस्ती, कापड आणि शिलाई मिळून तिन्ही नगांचा खर्च साधारण १३,००० रुपये झाला. चिरी आणि गोट पुन्हा करायचे पैसे मी घेतले नाहीत. दसऱ्याच्या आधी सूनबाईंनी बैठकीच्या खोळींचा दुसरा जोड करून घेतला, त्याच नमुन्यावरून, थोड्या पातळ कापडात. आता एक जोड धुण्यात असला तरी घाई होत नाही. पावसाळ्यात पातळ जोड, एरवी जाड. आजतागायत चिरी शाबूत आहेत. नाडी एकदा बदलली.

पुन्हा करायचं झालं तर

दोन जोड पहिल्याच दिवशी सुचवेन, निदान बैठकीचे. रत्नागिरीत जून ते सप्टेंबर एका जोडावर काढायला सांगणं हीच माझी चूक होती. वाळायला किती दिवस लागतील हे मला ठाऊक होतं, त्यांना खर्च नको म्हणून मी बोलले नाही.

मुंजीची तारीख धरून काम घेतलं, हेही तपासून बघते. मधे आठ दिवस जास्त मिळाले असते तर खोळ घालून घरच्यांना वापरू दिली असती, आणि चीर पन्नास माणसांच्या समोर फाटण्याऐवजी घरातच फाटली असती. आता लाकडी खांबांच्या कुठल्याही कामात कच्च्या मांजरपाटाचीच पूर्ण खोळ करून, नाडीसकट, चार दिवस घरात ठेवते. कुठे ताण येतो ते मांजरपाटावर लगेच दिसतं, तिथले धागे विसविशीत होतात.

पाठीच्या जिभांबद्दल मात्र मी अजून पक्कं ठरवलेलं नाही. अठरा बटणं लावायला-काढायला वीस मिनिटं जातात, आणि आजींची बोटं आता ती करू शकत नाहीत. कापडी बंद सोपे पडले असते का? बंद सैल होतात आणि गाठी फटीत अडकतात, म्हणून बटणं निवडली होती. पण ज्यांच्यासाठी कोच राखला त्यांना खोळ स्वतः काढता येऊ नये, हे मला टोचतं. पुढच्या जोडाच्या वेळी मोठी बटणं लावायची, असं आजींशी बोलणं झालं आहे. बटणं केवढी हवीत ते त्यांनीच दाखवलं. परकराला लावतात त्यापेक्षा मोठी, दोन रुपयांच्या नाण्याएवढी.

मांजरपाटाचा नमुना मी स्वतःकडे ठेवला नाही. तो त्यांच्याच कोचाखाली, कागदी पिशवीत घडी करून ठेवला आहे. वर डावा, उजवा लिहिलेलं आहे, आणि आजी बसलेल्या असताना घेतलेलं माप लाल पेन्सिलीने.